गास्पार-ग्युस्ताव द कोरिऑलिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या भूगोलात वाऱ्यांच्या धड्यात कोरिऑलिस हे नाव भेटतं आणि बहुतेकांच्या मनात ते तिथेच राहतं. त्यामुळे आमच्याकडे येणारे प्रश्नही वाऱ्यांचे, चक्रीवादळांचे आणि बेसिनमधल्या भोवऱ्याचे असतात. माणसाबद्दल विचारणारे थोडे. पण हा माणूस वाऱ्यांचा नव्हताच, यंत्रांचा होता, आणि हे लक्षात आलं की त्याच्या नावाच्या बलाबद्दलचे निम्मे गोंधळ आपोआप मिटतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कोरिऑलिस कोण होते? थोडक्यात सांगा.

फ्रेंच गणिती आणि अभियंता. जन्म २१ मे १७९२ रोजी पॅरिसचा, मृत्यू १९ सप्टेंबर १८४३ रोजी पॅरिसमध्येच. वडील राजाच्या सैन्यात अधिकारी होते आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच सेनापती रोशांबोच्या फौजेबरोबर तिकडे जाऊन आले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर राजनिष्ठ घराण्याला पॅरिस सुरक्षित राहिलं नाही, म्हणून कुटुंब नान्सीला गेलं आणि वडिलांनी तिथे उद्योग सुरू केला. गास्पार-ग्युस्ताव यांचं शालेय शिक्षण नान्सीतच झालं. १८०८ मध्ये एकोल पॉलिटेक्निक या पॅरिसच्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेत ते दुसरे आले. तिथून ते 'एकोल दे पाँ ए शोसे' या रस्ते आणि पूल बांधणीच्या सरकारी संस्थेत गेले आणि पुढे अभियंता म्हणून व्होज पर्वताच्या परिसरात काम केलं.

२. मग ते शिक्षक कसे झाले?

वडील वारले, घर चालवायची जबाबदारी आली आणि प्रकृती पहिल्यापासून नाजूक. साइटवरची फिरतीची नोकरी त्यांना झेपणारी नव्हती. १८१६ मध्ये फ्रेंच गणिती कोशी यांच्या शिफारशीवरून त्यांना एकोल पॉलिटेक्निकमध्ये गणिती विश्लेषणाच्या सहशिक्षकाची जागा मिळाली. १८२९ मध्ये एकोल सांत्राल ही कारखानदारीसाठी अभियंते घडवणारी संस्था नव्याने निघाली, तिथे ते यामिकीचे (मेकॅनिक्सचे) प्राध्यापक झाले. १८३० च्या जुलै क्रांतीनंतर कोशी देश सोडून गेले. त्यांची पॉलिटेक्निकमधली जागा कोरिऑलिस यांना मिळत होती, पण संशोधनाला वेळ हवा म्हणून त्यांनी ती घेतली नाही. १८३६ मध्ये फ्रेंच अभियंते नाविए वारले. पूल आणि रस्त्यांच्या संस्थेतलं त्यांचं अध्यापनाचं पद कोरिऑलिस यांच्याकडे आलं आणि त्याच वर्षी ते विज्ञान अकादमीत यामिकी विभागात निवडून गेले. १८३८ मध्ये ते पॉलिटेक्निकचे अभ्याससंचालक झाले. पाच वर्षांत, वयाच्या ५१ व्या वर्षी ते गेले. घन वस्तूंच्या यामिकीवरचा त्यांचा ग्रंथ त्यानंतर, १८४४ मध्ये छापून आला.

आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत कोरिऑलिस आहेत, नाविए आणि कोशीही आहेत.

३. ते हवामानशास्त्रज्ञ होते का?

नाही. ज्या दोन निबंधांवरून त्यांचं नाव या बलाला मिळालं, त्यांचा विषय फिरती यंत्रं हा आहे, त्यातही पाणचक्कीसारखी यंत्रं. वारे आणि सागरी प्रवाह त्यांत येत नाहीत. हे गणित वाऱ्यांना नीट लावलं ते अमेरिकन शिक्षक विल्यम फेरेल यांनी, १८५६ पासून पुढे. तोवर कोरिऑलिस यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

४. भौतिकशास्त्रातल्या 'कार्य' या संकल्पनेचं श्रेय त्यांना का देतात?

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम हेच. १८२९ मध्ये त्यांनी यंत्रांच्या परिणामाचं गणित मांडणारं पुस्तक काढलं. त्या काळी एखादं यंत्र किती काम देतं हे मोजायच्या अनेक पद्धती आणि अनेक संज्ञा होत्या. वाफेचं इंजिन, पाणचक्की, घोडा, मजूर यांची तुलना करायला एकच माप हवं होतं. बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, या राशीला कोरिऑलिस यांनी 'कार्य' म्हटलं आणि सगळा हिशेब तिच्यावर उभा केला. त्याच सुमारास मेत्झमध्ये शिकवणारे पाँसले हेही हीच संज्ञा वापरत होते, म्हणून श्रेय दोघांचं मानणं रास्त.

मोठ्या प्रमाणावर मोजण्यासाठी त्यांनी 'डायनामोड' हे एककही सुचवलं होतं: १००० किलो वजन १ मीटर उचलायला लागणारं कार्य. ५० किलोची वीस पोती डोक्याइतक्या उंच थप्पीवर चढवली तर साधारण दोन डायनामोड होतात. एकक रुजलं नाही, संकल्पना रुजली.

५. गतिज ऊर्जेच्या सूत्रात ½ कुठून आला?

त्यांच्या १८२९ च्या पुस्तकातून (प्रश्न ४). त्याआधी शंभरहून अधिक वर्षं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग ही राशी 'जिवंत बल' या नावाने वापरली जात होती, तिच्यात निम्मा नव्हता. आता १ किलोचा दगड ५ मीटरवरून सोडून बघा. गुरुत्वाने केलेलं कार्य ९.८ गुणिले ५, म्हणजे ४९ ज्यूल. जमिनीजवळ दगडाचा वेग सेकंदाला जवळपास १० मीटर होतो. जुन्या राशीने उत्तर येतं ९८, बरोबर दुप्पट. कोरिऑलिस यांनी व्याख्येतच ½ घातला, म्हणजे यंत्रात घातलेलं कार्य आणि यंत्रातून मिळालेली गती एकाच खात्यात जमा-खर्च करता येते. बारावीच्या मुलांना हा ½ पाठ असतो, पण तो एका अभियंत्याने हिशेब जुळावा म्हणून ठेवला आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

६. कोरिऑलिस बल म्हणजे काय, साध्या शब्दांत?

फिरत्या गोष्टीवर बसून तुम्ही दुसऱ्या हलत्या वस्तूकडे पाहता, तेव्हा ती वस्तू बाजूला ढकलली जाते असं दिसतं. त्या ढकलण्याचा हिशेब म्हणजे कोरिऑलिस बल.

जत्रेतला मेरी-गो-राउंड घ्या. तो सहा सेकंदांत एक फेरी मारतोय आणि ६० किलोचा माणूस त्यावर मधून काठाकडे सेकंदाला १ मीटर वेगाने चालतोय. त्याला बाजूने सुमारे १३ किलो वजनाएवढा रेटा जाणवतो, तोल सांभाळायला दांडी धरावी लागते. तोच माणूस तेवढ्याच वेगाने मुंबईच्या रस्त्यावर चालला तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडणारा आडवा रेटा साधारण ०.३ ग्रॅम वजनाएवढा. पृथ्वीला एक फेरी मारायला जवळपास २४ तास लागतात, फरक तिथे आहे.

जमिनीला समांतर जाणाऱ्या वस्तूसाठी सूत्र असं: २ × वस्तुमान × पृथ्वीचा कोनीय वेग × वस्तूचा वेग × अक्षांशाचा साइन. उत्तर गोलार्धात रेटा गतीच्या उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. वस्तू पृथ्वीच्या सापेक्ष स्थिर असेल तर बल शून्य.

७. १८३२ आणि १८३५ च्या निबंधांत त्यांनी नवीन काय सांगितलं?

पाणचक्कीचं पातं फिरतंय आणि त्यावरून पाणी वाहतंय. पाण्याकडून चाकाला किती कार्य मिळतं हे काढायचं तर चाकाबरोबर फिरत हिशेब करणं सोयीचं. पण फिरत्या चौकटीत न्यूटनचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. १८३१ मध्ये अकादमीपुढे वाचलेल्या आणि १८३२ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की ऊर्जेच्या हिशेबासाठी केंद्रोत्सारी, म्हणजे फिरताना बाहेर फेकणारं, बल तेवढं धरलं की पुरतं. १८३५ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: ऊर्जाच नव्हे, तर सगळी गती समीकरणांत मांडायची असेल तर? तेव्हा आणखी एक बल लागतं, गतीला आडवं. त्याला त्यांनी 'संयुक्त केंद्रोत्सारी बल' असं नाव दिलं. त्याला त्यांचं स्वतःचं नाव विसाव्या शतकात रूढ झालं.

८. हे बल किती कार्य करतं?

काहीच नाही. ते नेहमी गतीला काटकोनात असतं, त्यामुळे दिशा वळते, वेगाचं मान बदलत नाही. म्हणूनच १८३२ च्या ऊर्जेच्या हिशेबात ते दिसलं नव्हतं (प्रश्न ७). ज्यांनी 'कार्य' ही राशी यामिकीच्या मध्यभागी आणली, त्यांच्याच नावाचं बल शून्य कार्य करतं! 'कोरिऑलिस बलामुळे वाऱ्याचा वेग वाढतो' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. वेग वाढतो तो दाबातल्या फरकामुळे.

९. हे बल खरं आहे की आभासी?

परीक्षेत 'आभासी बल' लिहा, ते बरोबर आहे. अवकाशातून, न फिरणाऱ्या चौकटीतून पाहिलं तर हे बल नाहीसं होतं आणि वस्तू साध्या न्यूटनच्या नियमांनी जाताना दिसते. पण 'आभासी' याचा अर्थ 'परिणाम नसलेलं' असा घेऊ नका. आपण पृथ्वीवर राहतो, नकाशे पृथ्वीवरचे, अंदाज पृथ्वीवरून करायचे. या चौकटीत हे बल धरलं नाही तर हवामानाचं एकही गणित जुळणार नाही.

१०. लाप्लास आणि हॅडली यांना हे आधीच माहीत होतं म्हणतात. मग नाव कोरिऑलिस यांचं का?

माहीत होतं, पण तुकड्यांत. इंग्लंडच्या जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये व्यापारी वारे तिरके का वाहतात याचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात शोधलं. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या भरती-ओहोटीच्या समीकरणांत (१७७० च्या दशकातली) ही पदं स्पष्ट आहेत. कोरिऑलिस यांनी केलं ते असं की, कोणत्याही फिरत्या चौकटीला आणि कोणत्याही यंत्राला लागू होईल असं प्रमेय सिद्ध केलं आणि ते पद म्हणजे एक बल आहे असं मांडलं. पृथ्वी हे त्याचं एक उदाहरण. नावांच्या बाबतीत इतिहास नेहमी न्याय्य नसतो, पण इथे मला तरी नाव चुकलं असं वाटत नाही.

११. बेसिनमधलं पाणी भारतात एका दिशेने आणि ऑस्ट्रेलियात उलट फिरतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. घरच्या बेसिनमध्ये: नाही. मुंबईच्या अक्षांशावर सेकंदाला १० मीटर वेगाच्या प्रवाहावरचं कोरिऑलिस त्वरण गुरुत्वाच्या वीस हजाराव्या भागाएवढं असतं आणि बेसिनमधलं पाणी याहून कितीतरी संथ असतं. भोवरा कुठे वळणार हे नळाची धार, भांड्याचा आकार आणि तुम्ही बूच काढताना हात कसा हलवला यावर ठरतं.

पण प्रयोगशाळेत हे दिसलं आहे. १९६२ मध्ये एमआयटीच्या ॲशर शपीरो यांनी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या सपाट टाकीत पाणी भरून ते २४ तास स्थिर होऊ दिलं आणि मधलं बारीक छिद्र अलगद उघडलं. टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं लागायची. बारा-पंधरा मिनिटं काही दिसत नसे, मग वर ठेवलेला तरंगता तुकडा घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागे. १९६५ मध्ये सिडनीत हाच प्रयोग झाला, तिथे तो घड्याळाच्या दिशेने फिरला. केनियात विषुववृत्तावर पर्यटकांना रेघेच्या दोन बाजूंना काही पावलांवर जो खेळ करून दाखवतात, त्यात भांडं हलवणाऱ्याचं कसब असतं.

१२. वानखेडेवर वेगवान गोलंदाजाचा चेंडू यामुळे वळतो का?

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू खेळपट्टी पार करायला जवळपास अर्धा सेकंद घेतो. तेवढ्यात तो उजवीकडे साधारण पाव मिलिमीटर सरकतो. स्विंग शिवणीमुळे आणि चकाकीमुळेच. वेळ मिळाला की चित्र बदलतं: सेकंदाला १० मीटरचा वारा तासभर वाहिला तर ३६ किलोमीटरच्या वाटेत सुमारे ३ किलोमीटर उजवीकडे जाईल. वेग किती यापेक्षा किती वेळ हे इथे महत्त्वाचं.

१३. आपल्या मान्सूनशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातले आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून वर येतात. ओलांडताच रेट्याची बाजू डावीकडून उजवीकडे होते आणि ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वळून अरबी समुद्रावर नैऋत्य वारे होतात. सह्याद्रीला ते जवळपास समोरून धडकतात, म्हणून कोकणात आणि गोव्यात धो धो पाऊस आणि घाटापलीकडे कमी. पृथ्वी फिरत नसती तर हे वारे दक्षिणेकडून सरळ वर आले असते.

१४. वारा उजवीकडे वळतो, तर चक्रीवादळ डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट का फिरतं?

चांगला प्रश्न, आणि गोंधळ स्वाभाविक आहे. मध्यभागी कमी दाब आहे. समजा दक्षिणेकडून हवा केंद्राकडे, म्हणजे उत्तरेला धावतेय. ती उजवीकडे, पूर्वेकडे वळते, त्यामुळे तिचा नेम चुकतो आणि ती केंद्राला डाव्या हाताला ठेवून पुढे जाते. दाबाचा फरक तिला सतत केंद्राकडे ओढत राहतो. सगळ्या बाजूंनी येणारी हवा अशीच केंद्र डावीकडे ठेवून जाते, म्हणजे एकूण चक्कर घड्याळाच्या उलट. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाची उपग्रहचित्रं पाहा, ढगांचे पट्टे याच दिशेने गुंडाळलेले दिसतात. यावरूनच डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांचा १८५७ चा नियम: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या बाजूला.

१५. विषुववृत्तावर हे बल शून्य असतं, हे पूर्ण खरं आहे का?

अर्धं. शून्य असतो तो आडव्या गतीवरचा आडवा रेटा. उभा भाग तिथे उलट सर्वाधिक असतो: पूर्वेकडे जाणारी वस्तू किंचित हलकी भरते, पश्चिमेकडे जाणारी किंचित जड. आडवा रेटा नसल्यामुळे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५ अंशांपर्यंत चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत. 'सहसा' म्हणायचं कारण डिसेंबर २००१ मधलं वामेई: ते सिंगापूरजवळ अवघ्या दीड अंश उत्तरेला तयार झालं.

१६. शाळेत सांगतात की 'विषुववृत्ताकडची जमीन जास्त वेगाने फिरते म्हणून वारा मागे-पुढे पडतो'. हे पुरेसं आहे का?

नाही, आणि सूत्रातल्या २ चं कोडं इथेच सुटतं. प्रश्न ६ मधल्या मेरी-गो-राउंडवर काठाकडे चालताना दोन गोष्टी होतात. पायाखालची फळी बाहेर जास्त वेगाने फिरत असल्याने तुम्हाला आडवा वेग मिळवत जावं लागतं, हा एक भाग. शिवाय तुमची 'बाहेरची' दिशाच चाकाबरोबर वळत असते, हा तेवढाच दुसरा भाग. शाळेतलं (आणि हॅडली यांचं) स्पष्टीकरण पहिलाच भाग धरतं, म्हणून निम्मं उत्तर देतं. सरळ पूर्वेला जाणारा वारा उजवीकडे का वळतो हे तर त्यातून कळतच नाही. त्याचं कारण असं: तो वारा जमिनीपेक्षा जास्त वेगाने अक्षाभोवती फिरतोय, त्यामुळे त्याच्यावर बाहेर फेकणारा जोर जास्त, आणि त्या जोराचा आडवा भाग विषुववृत्ताकडे असतो.

१७. हे डोळ्यांनी कुठे पाहता येईल?

फूको लंबकात. १८५१ मध्ये लेओं फूको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू घड्याळाच्या दिशेने सरकते, पॅरिसमध्ये पूर्ण फेरी जवळपास ३२ तासांत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात असा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर फेरीला ७५ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून तिथे अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. तेवढ्यात दिशा साधारण अडीच अंश सरकते.

१८. त्यांनी बिलियर्डवर पुस्तक लिहिलं होतं, हे खरं का? कॅरमला ते लागू पडेल?

खरं आहे. तेही १८३५ चंच. फिरकी देऊन मारलेला चेंडू घसरत असेपर्यंत त्याचा मध्य पॅराबोलाच्या वळणाने जातो आणि घसरणं थांबलं की सरळ रेषेत, हे त्यांनी सिद्ध केलं. आडव्या फटक्यासाठी चेंडूच्या उंचीच्या सात-दशांश उंचीवर काठी लागली तर तो घसरतच नाही, पहिल्यापासून घरंगळतो. ५२.५ मिलिमीटरच्या स्नूकर चेंडूसाठी ही उंची टेबलापासून जवळपास ३७ मिलिमीटर. यात कोरिऑलिस बलाचा काही संबंध नाही. कॅरमला हे लागू नाही, कारण सोंगटी सपाट घसरते, घरंगळत नाही.

१९. आज यंत्रांत या बलाचा उपयोग होतो का?

तुम्ही सीएनजीच्या रांगेत उभे राहता तिथेच होतो. गॅसचं आकारमान दाब आणि तापमानाप्रमाणे बदलतं, म्हणून तो किलोवर विकतात. पंपाच्या आत वाकवलेल्या नळ्या सतत कंप पावत असतात. त्यांतून गॅस वाहू लागला की कोरिऑलिस रेट्यामुळे नळीची आत येणारी बाजू किंचित मागे राहते आणि बाहेर जाणारी पुढे जाते. या दोन बाजूंमधला वेळेचा फरक मोजला की थेट वस्तुमान मिळतं. तेलशुद्धीकरण आणि दुग्धव्यवसायातही असे मापक असतात. मोबाइल आडवा केल्यावर तो किती वळला हे सांगणारा जायरोस्कोपही कंप पावणाऱ्या सूक्ष्म वस्तुमानावरचा हाच रेटा मोजतो. पाणचक्कीसाठी केलेलं गणित पुन्हा यंत्रांकडे आलं, याचा मला फार आनंद वाटतो.

२०. उंचावरून सोडलेला दगड अगदी खालीच पडतो ना?

किंचित पूर्वेला पडतो. वरचं टोक पृथ्वीच्या अक्षापासून अधिक लांब, म्हणून त्याचा पूर्वेकडचा वेग जमिनीपेक्षा थोडा जास्त असतो आणि दगड तो घेऊन निघतो. मुंबईत १०० मीटरवरून, हवा मध्ये न येता, सोडला तर फरक २ सेंटिमीटर. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीत फर्डिनांड राइश यांनी १५८ मीटर खोल विवरात गोळ्या सोडून हे मोजलं: सरासरी सुमारे २८ मिलिमीटर पूर्वेला, आणि गणिताने येतात २७.५. हा प्रयोग १८३१ चा, ज्या वर्षी कोरिऑलिस पॅरिसमध्ये आपला पहिला निबंध वाचत होते.